यशवंतरावांची बेरीज महाराष्ट्रात जमली, मग दिल्लीत का नाही?

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात एकदा मास्तरांनी मुलांना सांगितलं, मोठेपणी कोण होणार ते चिठ्ठीवर लिहून द्या. मुलांनी देशातल्या थोर पुरुषांची नावं लिहिली. एका चिठ्ठीवर मात्र होतं, 'मी यशवंतराव चव्हाण होणार.' मास्तरांना तो अहंकार वाटला आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. ही आठवण पुढे खुद्द यशवंतरावांनीच लिहून ठेवली. जन्म १२ मार्च १९१३ चा, आजोळी देवराष्ट्र्याला. वडील लहानपणीच प्लेगात गेलेले, घरात ओढाताण, आणि पोरगं म्हणतं, मी मीच होणार.

त्याच घरात आई विठाई अडचणीच्या दिवसांत मुलांना एक ओवी म्हणून धीर द्यायची: 'नका बाळांनो डगमगू, चंद्र-सूर्यावरील जाईल ढगू.' डगमगू नका, थांबा, ढग निघून जाईल.

चिठ्ठीत महत्त्वाकांक्षा आहे आणि ओवीत श्रद्धा. यशवंतरावांचं सगळं राजकारण मला या दोन धाग्यांनी विणलेलं दिसतं. कुठे हा धागा वर येतो, कुठे तो. हे एकदा लक्षात आलं की त्यांच्याबद्दलचा तो नेहमीचा प्रश्न जरा वेगळा दिसू लागतो.

प्रश्न सगळ्यांना माहीत आहे. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही चारही मोठी खाती सांभाळलेला, उपपंतप्रधान झालेला हा माणूस पंतप्रधान का झाला नाही? आपल्याकडे त्याची उत्तरं ठरलेली आहेत. कुणी म्हणतं, ऐन वेळी कच खाल्ली. कुणी म्हणतं, कायम कुंपणावर बसले. कुणी म्हणतं, दिल्लीने मराठी माणसाला वर येऊ दिलं नाही. तिन्ही उत्तरं चहाच्या टपरीवर चालून जातात, पण त्यांनी काही कळत नाही. त्यापेक्षा त्यांनी घेतलेले निर्णय ओळीने पाहू. प्रत्येक वेळी ते काय मानत होते आणि त्यांना काय हवं होतं, एवढंच विचारत जाऊ.

पहिला निर्णय घरातच झाला

सातारा जिल्हा म्हणजे सत्यशोधक चळवळीचं माहेर. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सुरू केलेल्या या चळवळीने इथल्या शेतकरी घरांना शिकायला आणि प्रश्न विचारायला लावलं. यशवंतरावांचे थोरले बंधू गणपतराव याच विचारांकडे ओढलेले. त्या काळी बहुजन घरांत काँग्रेस म्हणजे शहरातल्या वरच्या जातींचा आणि वकिलांचा पक्ष असं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. अशा घरातला मुलगा काँग्रेसमध्ये जातो, म्हणजे थोरल्या भावाशी वाद घालूनच जातो.

कारण होतं स्वातंत्र्याच्या लढ्याचं. सप्टेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर जतींद्रनाथ दास गेले. त्या बातमीने हा शाळकरी मुलगा रडला होता. १९३२ च्या २६ जानेवारीला झेंडा फडकवल्याबद्दल त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंग हेच त्याचं पहिलं कॉलेज. तिथे मोठमोठ्या कार्यकर्त्यांच्या संगतीत वाचन झालं, मार्क्सची ओळख झाली, आणि फक्त इंग्रज गेल्याने शेतकऱ्याचं भलं होणार नाही हे मनात पक्कं बसलं.

आता गंमत पाहा. विचार डावीकडे झुकत गेले, पण पाय काँग्रेसमधून निघाला नाही. तिशीच्या दशकात ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी भारावले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना साथ द्यावी असं रॉय म्हणू लागले, तेव्हा यशवंतराव त्यांच्यापासून दूर झाले. १९४२ मध्ये ते भूमिगत राहून लढले. त्याच वर्षी २ जूनला वेणूताईंशी लग्न झालं होतं, आणि पुढच्या संक्रांतीला नवी नवरी तुरुंगात होती. स्वातंत्र्यानंतर केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष उभा केला. बहुजन समाजातले कितीतरी जवळचे सहकारी तिकडे गेले. मन तिकडे असणारच, तरी यशवंतराव काँग्रेसमध्येच थांबले.

त्यांची श्रद्धा अशी होती की गरीब, खेड्यातल्या माणसाला काही मिळवून द्यायचं तर मुख्य प्रवाहात राहून सत्ता हाताळायला शिकलं पाहिजे. बाहेर उभं राहून टाळ्या मिळतात, कायदा बदलत नाही. महत्त्वाकांक्षेलाही हाच रस्ता सोयीचा होता, कारण सत्ता काँग्रेसकडे होती. म्हणून मी त्यांची श्रद्धा आणि महत्त्वाकांक्षा वेगवेगळी काढून दाखवू शकत नाही. सुरुवातीची तीस वर्षं दोन्ही एकाच दिशेने ओढत होती, आणि अशा वेळी माणूस झपाट्याने पुढे जातो.

फलटणचं वाक्य

संयुक्त महाराष्ट्राचा काळ नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. इतर बहुतेक मोठ्या भाषांना आपापली राज्यं, पण मराठी आणि गुजराती मुलखाचं मिळून एकच राज्य, आणि विदर्भ वेगळा, अशी शिफारस होती. मग मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची भाषा सुरू झाली. मराठी माणूस पेटला. मोर्चे निघाले, गोळीबार झाले, शंभरावर माणसांचे प्राण गेले. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. त्या गोळीबारांची आठवण आजही हुतात्मा चौकातून जाताना येते.

अशा वातावरणात डिसेंबर १९५५ च्या सुरुवातीला फलटणला यशवंतरावांनी जाहीरपणे सांगितलं की नेहरू की संयुक्त महाराष्ट्र असा प्रश्न आला तर मी नेहरूंच्या बाजूने उभा राहीन. हे वाक्य लोकांनी त्यांना कधी विसरू दिलं नाही. सूर्याजी पिसाळ म्हणण्यापर्यंत मजल गेली.

मला ते वाक्य तेव्हाच्या लोकांच्या जागी उभं राहून वाचलं तर आजही लागतं. माणसं रस्त्यावर मरत असताना त्यांच्याच मातीतला नेता दिल्लीची निष्ठा सांगतो, हे झेपणारं नव्हतं. पण त्यांचा हिशेब समजून घेतला पाहिजे. नेहरू झुकवून झुकणार नाहीत, पटवून पटतील, आणि पटवायचं तर त्यांच्या विश्वासातला माणूस आत हवा, असं ते मानत होते. ही श्रद्धा झाली. दुसरीकडे, शंकरराव देव आणि भाऊसाहेब हिरे यांच्यासारखे ज्येष्ठ नेते ओढाताणीत सापडलेले असताना दिल्लीला महाराष्ट्रात भरवशाचा माणूस हवा होता. फलटणच्या वाक्याने तो कोण हे दिल्लीला कळलं. ही महत्त्वाकांक्षा झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला महाद्वैभाषिक राज्य अस्तित्वात आलं. द्वैभाषिक म्हणजे मराठी आणि गुजराती असे दोन्ही मुलूख एकत्र असलेलं मुंबई राज्य. त्याचे मुख्यमंत्री म्हणून हिऱ्यांना हरवून यशवंतराव निवडून आले. वय ४३.

पुढच्याच वर्षी निवडणुकीत लोकांनी हिशेब चुकता केला. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, डांगे यांच्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोपवलं. स्वतः मुख्यमंत्री कऱ्हाडातून जेमतेम निवडून आले. गुजरात आणि विदर्भाने हात दिला म्हणून सरकार वाचलं. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा समितीने वाटेवर प्रचंड निदर्शनं केली. काळे झेंडे होते, पण दंगल झाली नाही. लोकांच्या मनात काय आहे ते नेहरूंनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

संयुक्त महाराष्ट्राचं श्रेय कुणाचं, यावर आपल्याकडे अजून भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यावरच्या लोकांनी ढकललं नसतं तर आतल्या माणसाचं कुणी ऐकलं नसतं. पण आत ऐकवणारा माणूस होता हेही खरं. द्वैभाषिक चालत नाही हे त्यांनी दिल्लीला पटवत नेलं. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी असलेल्या इंदिरा गांधींनीही विभाजनाच्या बाजूने कौल दिला. १ मे १९६० ला राज्य मिळालं. डांग मात्र गुजरातेत गेलं, बेळगावचा प्रश्न तसाच राहिला. आत राहून मिळवलेल्या गोष्टीत तडजोडीचा वाटा असतो, तो हा.

बेरीज म्हणजे नक्की काय

'बेरजेचं राजकारण' हा शब्द आज कुणालाही फोडून आणण्यासाठी वापरतात, म्हणून त्याचा मूळ अर्थ सांगायला हवा. राज्य झालं तेव्हा निम्मा महाराष्ट्र काँग्रेसवर रागावलेला होता. विदर्भाला भीती होती की पश्चिम महाराष्ट्र आपल्याला गिळेल. मराठवाडा निजामाच्या राज्यातून आलेला, मागे पडलेला. ब्राह्मण समाजाला गांधीहत्येनंतरच्या, १९४८ च्या जाळपोळीच्या आठवणी ताज्या होत्या. नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक गजानन माडखोलकरांनी तर थेट विचारलं, हे राज्य मराठी की मराठा? यशवंतरावांनी उत्तर दिलं की हे मराठी भाषकांचं, सगळ्यांचं राज्य आहे. आणि मग ते उत्तर खरं करून दाखवण्यासाठी एकेकाला जवळ करायला सुरुवात केली. शेकापमधले लोक परत आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडे साहित्य संस्कृती मंडळ आलं. विरोधात लिहिणाऱ्या साहित्यिकांनाही ते घरी बोलवून बोलत बसत.

ही माणसांची बेरीज झाली. पण तिच्या खाली त्यांनी जो पाया घातला तो जास्त महत्त्वाचा, आणि इथे त्यांची श्रद्धा सगळ्यात उजळ दिसते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून लागू झाला. शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीच्या योजना लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती आल्या. विशेष म्हणजे कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या कारभाराबाहेर ठेवलं. ज्या साहेबापुढे गावचा पाटील हात जोडून उभा राहायचा, त्याला वगळून शेतकऱ्याचा मुलगा सभापतीच्या खुर्चीत बसला. जोडीला सहकारी साखर कारखाने वाढू लागले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जी वाट पाडली होती, तिला सरकारचं बळ मिळालं. औद्योगिक विकास महामंडळ, औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, साताऱ्याची सैनिक शाळा हे सगळं १९५८ ते १९६२ या पाच वर्षांतलं.

आमच्या घरात एक शब्द फार आदराने घेतला जायचा, ईबीसी. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीमाफी. वर्षाला १,२०० रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या घरातल्या मुलांना ही सवलत होती, जात कोणतीही असो. माझे वडील तिच्यावर शिकले. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणण्यासाठी सहा मैल चालत गेल्याची आणि परत येताना ओढ्यात चप्पल वाहून गेल्याची गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत. चप्पल गेली, पण कागद वर धरला होता, असं म्हणताना त्यांचा हात आपोआप डोक्याच्या वर जायचा. त्यामुळे यशवंतरावांबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही, हे सांगून टाकतो.

तरीही एक गोष्ट लपवता येत नाही. वतनाच्या नावाखाली महार समाजावर लादलेली गावकामगारी १९५८ च्या कायद्याने संपवली गेली, नवबौद्धांना राज्याच्या सवलती चालू ठेवल्या, ही मोठी पावलं होती. पण जिल्हा परिषद आणि कारखाना या शिडीवर भराभर चढले ते बहुतेक जमीनवाले, त्यातही मराठा घरांतले लोक. भूमिहीन आणि दलित खालच्या पायरीवरच राहिले. यशवंतरावांना सत्ता खेड्यात न्यायची होती, ती गेली. खेड्यात गेल्यावर ती कुणाच्या वाड्यात शिरेल, याची तजवीज पुरेशी झाली नाही.

आणि याच शिडीने त्यांची स्वतःची ताकद उभी केली. सरपंच, सभापती, चेअरमन, आमदार अशी साखळी, आणि प्रत्येक कडीला ठाऊक की ही वाट साहेबांनी पाडली. श्रद्धेने केलेल्या कामातून महत्त्वाकांक्षेला फौज मिळाली.

सह्याद्री हिमालयाकडे गेला तेव्हा

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. आपल्या सैन्याची वाताहत झाली, कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी तेव्हापासून बसलं आहे. त्यांनी पदभार घेतला तेव्हा चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती, म्हणजे लढाई संपलेली आणि खचलेलं सैन्य समोर. पुढच्या वर्षी नाशिकहून ते लोकसभेवर बिनविरोध गेले.

हे काम त्यांनी उत्तम केलं. मेनन सेनाधिकाऱ्यांशी फटकून वागत. यशवंतराव ऐकून घेत, नेमकं विचारत, आणि निर्णय झाला की पाठीशी उभे राहत. १ सप्टेंबर १९६५ चं दृश्य डोळ्यापुढे आणा. छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसलेत, थांबवायला विमानंच हवीत. विमानदल वापरायचं म्हणजे लढाई एका पायरीने वर नेणं. दुपार कलून गेलीय, अंधार पडला तर विमानांचा उपयोग नाही. सेनाप्रमुख चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांपुढे बसलेत. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. संध्याकाळी साडेपाचच्या आधी पठाणकोटहून विमानं उडाली होती. ज्या माणसाला पुढे लोक कुंपणावरचा म्हणू लागले, त्याचा हा निर्णय आहे. म्हणून नुसतं 'धाडस नव्हतं' हे मला पटत नाही. देशाचा निर्णय घ्यायचा तेव्हा ते कचरले नाहीत. स्वतःच्या पदासाठी उडी घ्यायची वेळ आली की थांबत.

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले, तेव्हा यशवंतराव तिथेच होते. पंतप्रधानपदासाठी त्यांचं नावही घेतलं जात होतं. त्यांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला आणि इंदिराजींनी मोरारजींना ३५५ विरुद्ध १६९ मतांनी हरवलं. मोरारजी तर म्हणत की हे पद माझ्या हक्काचं आहे, आणि १९६४ पासून ते उघडपणे मागत राहिले. यशवंतरावांची तऱ्हा वेगळी. ढग जाईल, आपली पाळी येईल.

त्या थांबण्यामागे साधं गणितही होतं. १९६७ च्या लोकसभेत ५२० जागा होत्या, महाराष्ट्राच्या ४५. सगळा महाराष्ट्र पाठीशी असला तरी बाकीची बेरीज इतरांच्या हातात. उत्तर प्रदेशच्या एकट्याच्या जागा ८५. मुंबईत बेरजेची पाटी-पेन्सिल यशवंतरावांच्या हातात होती. दिल्लीत ते स्वतःच दुसऱ्या कुणाच्या बेरजेतला एक आकडा होते. मोठा आकडा, पण आकडाच. माझ्या मते त्यांच्या दिल्लीतल्या वीस-बावीस वर्षांची किल्ली इथे आहे.

जुलै १९६९

सगळ्यात अवघड प्रसंग हा. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. काँग्रेसचा उमेदवार ठरवायचा अधिकार पार्लमेंटरी बोर्डाचा, म्हणजे पक्षातल्या मोजक्या ज्येष्ठांच्या समितीचा. कामराज, निजलिंगप्पा, स. का. पाटील या जुन्या धुरीणांना लोक सिंडिकेट म्हणत. त्यांना संजीव रेड्डी हवे होते. इंदिराजींना ते नको होते, कारण आपल्याला खाली खेचण्याची ही तयारी आहे असं त्यांना वाटत होतं.

यशवंतराव तेव्हा गृहमंत्री. विचारांनी ते इंदिराजींच्या बाजूचे. बँकांवर समाजाचं नियंत्रण हवं, संस्थानिकांचे तनखे बंद व्हायला हवेत, हे त्यांचं मनापासूनचं मत. बंगळूरच्या अधिवेशनात आर्थिक धोरणावर दोन्ही गटांना चालेल असा मसुदा काढण्यात त्यांचाच पुढाकार होता. पण बोर्डाच्या मतदानात त्यांनी रेड्डींना मत दिलं आणि पंतप्रधान आपल्याच पक्षात अल्पमतात गेल्या.

असं का केलं? पक्ष एकत्र राहावा आणि समितीत चर्चा करून निर्णय व्हावा, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. इंदिराजी गेल्या तर पुढचं नाव यशवंतरावांचं, ही कुजबुजही दिल्लीत होतीच, आणि ती त्यांच्या कानावर गेली नसेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. दोन्ही धागे इथे पहिल्यांदा एकमेकांत गुंतले.

पुढचं वेगाने घडलं. इंदिराजींनी मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं, १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि राष्ट्रपतीच्या निवडणुकीत सदसद्विवेकाने मत द्या असं सांगून अपक्ष उभ्या राहिलेल्या व्ही. व्ही. गिरींना निवडून आणलं. यशवंतरावांचं राजकारण बेरजेचं होतं, इंदिराजींनी वजाबाकी करून दाखवली. पक्ष फुटला तरी चालेल, आपण थेट लोकांकडे जाऊ. नोव्हेंबरमध्ये पक्ष फुटला तेव्हा यशवंतराव आणि जवळजवळ सगळी महाराष्ट्र काँग्रेस इंदिराजींबरोबर गेली. विचारांच्या दृष्टीने ती योग्य जागा होती. पण सिंडिकेटच्या नजरेत ते सोडून गेलेले ठरले, आणि इंदिराजी ते मत विसरल्या नाहीत. जून १९७० मध्ये गृहखातं त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि यशवंतरावांना अर्थखातं दिलं. १९७१ ची निवडणूक इंदिराजींनी स्वतःच्या नावावर जिंकली. त्यानंतर दिल्लीत बेरीज करणाऱ्या माणसाची गरजच उरली नाही.

मौन

अर्थ आणि परराष्ट्र खात्यांवरून मी भराभर पुढे जातो. दुष्काळ, युद्धाचा खर्च, तेलाची भाववाढ अशा काळात ते अर्थमंत्री होते, आणि १९७३ चं त्यांचं ५५० कोटींच्या तुटीचं बजेट 'ब्लॅक बजेट' म्हणून लोकांच्या लक्षात राहिलं. मोठे निर्णय पंतप्रधानांच्या कार्यालयात होत होते.

पण २६ जून १९७५ च्या सकाळवरून पुढे जाता येत नाही. आणीबाणी आदल्या रात्रीच जाहीर झाली होती. सकाळी मंत्रिमंडळाला सांगण्यात आलं. स्वर्णसिंगांनी एखादा प्रश्न विचारला, बाकी सगळे गप्प. त्या गप्प बसणाऱ्यांत यशवंतराव होते. तुरुंगवास भोगलेला, भूमिगत राहिलेला, तरुण बायकोला तुरुंगात पाहिलेला माणूस. एस. एम. जोशींसारखे जुने मित्र आणि विरोधक आणीबाणीविरुद्ध उभे राहिलेले आणि हे मंत्रिमंडळात. इथे मला त्यांचा बचाव करता येत नाही आणि करावासाही वाटत नाही. प्रवाह सोडायचा नाही या श्रद्धेने त्यांना चाळीस वर्षं तारलं होतं. प्रवाहच चुकीच्या दिशेने वळला तर काय करायचं, याचं उत्तर त्या श्रद्धेत नव्हतं. फेब्रुवारी १९७७ मध्ये जगजीवनराम बाहेर पडले, तेव्हाही हे थांबले.

चार दिवस

काँग्रेस हरली, यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले आणि लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. जानेवारी १९७८ मध्ये पक्ष पुन्हा फुटला. या वेळी ते इंदिराजींबरोबर गेले नाहीत, ब्रह्मानंद रेड्डींच्या काँग्रेसमध्ये राहिले. व्यक्तीपेक्षा पक्ष मोठा, हे त्यांनी उशिरा का होईना कृतीत आणलं.

जुलै १९७९ मध्ये त्यांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. जनता पक्ष आतून पोखरलेलाच होता, सरकार कोसळलं. विरोधी पक्षनेता म्हणून राष्ट्रपतींनी सगळ्यात आधी यशवंतरावांनाच विचारलं, सरकार बनवता का? राष्ट्रपती होते तेच नीलम संजीव रेड्डी, ज्यांना दहा वर्षांपूर्वी दिलेल्या मताची किंमत यशवंतराव तोवर मोजत होते.

चिठ्ठी लिहिणारा मुलगा आता ६६ वर्षांचा होता आणि दार उघडं होतं. पण बेरीज होईना. इंदिराजींचे खासदार वेगळे, जनता पक्षाचे तुकडे आपापल्या नेत्यामागे, आणि स्वतःचा पक्ष गळत चाललेला. चारेक दिवसांनी त्यांनी राष्ट्रपतींना कळवलं की जमत नाही. मग ते चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. लोकसभेला सामोरं न जाताच ते सरकार २३ दिवसांत गडगडलं. संसदेत आयाराम-गयारामांवर बोललेला, पक्षांतराला आळा घालायच्या समितीचं काम पाहिलेला माणूस अशा सरकारात गेला, याचं त्यांच्या चाहत्यांनाही वाईट वाटलं. मला तरी ती त्यांची सगळ्यात न शोभणारी पायरी वाटते.

१९८० ला इंदिराजी पुन्हा निवडून आल्या. महाराष्ट्रात त्यांनी यशवंतरावांनी उभी केलेली सगळी इमारत आपल्या ताब्यात घेतली. जिल्ह्याजिल्ह्यातले चेअरमन आणि आमदार तिकडे गेले, कारण त्यांनाही साहेबांनीच शिकवलं होतं की प्रवाह सोडायचा नाही. १९८१ मध्ये यशवंतराव इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. त्यांना बरेच महिने दारात ताटकळत ठेवण्यात आलं होतं. पुढे आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. मूलबाळ नव्हतं. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं, आणि कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर अंत्यसंस्कार झाले.

शेवटच्या वर्षांत ते आत्मचरित्र लिहीत होते. तीन खंड करायचे ठरवले होते, एक कृष्णेकाठचा, एक मुंबईचा आणि एक दिल्लीचा. 'कृष्णाकाठ' तेवढा पुरा झाला. त्यात देवराष्ट्रं आहे, आईची ओवी आहे, ती चिठ्ठी आहे. १९४६ साली मुंबईला निघण्याच्या वेळेला तो थांबतो. १९६९ चं मत का दिलं आणि १९७५ ला गप्प का बसलो, हे ज्यात यायला हवं होतं, तो दिल्लीचा खंड लिहून झालाच नाही.